आजारी समुद्र, रजा मात्र तिची!

नदी नासली, समुद्र पुढे सरकला, विहीर मचूळ झाली. बातमी एवढ्यावरच संपते. त्यानंतर कुणाच्या घरातलं कुणाचं टाइमटेबल बदलतं, हे कुठेच छापून येत नाही. वसईजवळच्या भुईगावपासून सुरू होणारा आणि थेट तुमच्या ऑफिसातल्या नळापर्यंत पोचणारा हा वेळेचा हिशेब.

घरात पोराला ताप आला, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, झालंच तर कामवाल्या मावशी गावाला गेल्या, की ऑफिसात फोन कोण करतं? ‘सर, आज जरा नाही जमणार...’ असं चाचरत सांगणारा आवाज दहातल्या आठ घरांत तरी बाईचाच असतो. नवऱ्याची मीटिंग इम्पॉर्टण्ट असते आणि तिची कॅज्युअल लीव्ह तेवढी कॅज्युअल! यावर कॅण्टीनमध्ये बरीच चर्चा झालीय, म्हणून ती इथे नको.

आता हाच सीन जरा मोठ्या पडद्यावर बघा. आजारी पडलीय नदी. किंवा समुद्र. आणि सेवेला हजर कोण? पुन्हा तीच. फरक एवढाच की इथे लीव्ह फॉर्म नाही, पगार नाही आणि ‘कधी परत येणार?’ या प्रश्नाला उत्तरही नाही.

पटत नाही? मग वसईला चला.

भुईगाव कुठेशी आलं?

वसई रोड स्टेशनला पश्चिमेला उतरून निर्मळ-गिरीजच्या बाजूला निघालात, की अर्ध्या तासात मुंबईचा मूडच बदलतो. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, मधूनच पानवेली, एखादं पांढरंशुभ्र चर्च, कौलारू घरं आणि शेवटी सुरूची झाडं. त्यापलीकडे भुईगावचा किनारा. वीकएण्डला बाइक काढून इथे येणाऱ्या कॉलेजच्या ग्रुप्सना हा किनारा चांगलाच ठाऊक आहे.

पण नकाशा उघडून जरा झूम आउट करा. गावाच्या पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचं मुख. उत्तरेला अर्नाळ्याच्या पलीकडे वैतरणेचं मुख. तीन बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ही हिरवीगार पट्टी. इथली वाडी, इथलं घर, इथला चुलीवरचा भात शतकानुशतकं चालला तो पावसाच्या पाण्यावर. गोडं पाणी साठवायला लोकांनी विहिरी खोदल्या आणि बावखलं खोदली. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पावसाळ्यात भरायचं, हळूहळू जमिनीत झिरपायचं, आजूबाजूच्या विहिरींना पाणी पुरवायचं. आजच्या भाषेत परफेक्ट रेन वॉटर हार्वेस्टिंग, तेही कुठलंही सर्टिफिकेट न लावता!

यातली कितीतरी बावखलं पुढे बुजवली गेली. जागेचा भाव वाढला की तळं हा ‘रिकामा प्लॉट’ दिसायला लागतो. अलीकडच्या वर्षांत वसईतल्या तरुण पोरापोरींनी काही बावखलं पुन्हा साफ केली, गाळ काढला. पण बुजलेल्यांचा हिशेब मोठा आहे.

गोड्या पाण्याचं गणित

बावखल बुजलं तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. इथे थोडं सायन्स लागतं, पण घाबरू नका, सोपं आहे.

गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. किनाऱ्यावरच्या वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर अक्षरशः तरंगत असतं. भूजलशास्त्राचा ढोबळ नियम सांगतो की समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल, तर त्याच्या जोरावर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. आता हेच उलटं करा. पंप लावून वरची पातळी 1 मीटरनं खाली आणली, तर खालून खारं पाणी हळूहळू 40 मीटर वर सरकू शकतं. एकास चाळीस! शेअर बाजारात असा रेशो कुणाला परवडेल?

म्हणजे विहिरीचं आरोग्य समुद्राच्या आरोग्याला असं बांधलेलं आहे. किनाऱ्यावरची वाळू चोरून नेली, तिवरं तोडली, सुरूची रांग लाटांनी उखडली, की समुद्र जवळ येतो. बावखल बुजलं, टँकर भरायला विहीर उपसली, की गोडं पाणी आटतं. दोन्हीचा परिणाम एकच. उन्हाळ्यात रहाटाला किंवा पंपाला येणारं पाणी मचूळ लागायला लागतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात ही तक्रार काही आजची नाही. 69 गावांची पाणीयोजना हा इथल्या निवडणुकांतला वर्षानुवर्षांचा विषय. सूर्या धरणाच्या पाण्याची मोठी योजना आली, तिच्यातून वसई-विरारला रोज 18 कोटी 50 लाख लिटर पाणी मिळावं असं ठरलं. पण धरणाचं पाणी शहरात येणं वेगळं आणि गावातल्या शेवटच्या घराच्या मोरीत येणं वेगळं.

मधला गॅप कोण भरतं? चाणाक्ष वाचकांनी ओळखलंच असेल.

91 दिवसांची बिनपगारी ड्यूटी

मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही, चहा नासतो, साबणाला फेस येत नाही, केस धुतले तर जटा होतात. मग प्यायचं पाणी वेगळं, धुण्याचं वेगळं, वाडीचं वेगळं अशी घरात पाण्याची वर्गवारी होते. कुठल्या कळशीत कुठलं पाणी, टँकर किती वाजता, शेजारच्या विहिरीवर किती वाजता गेलं तर गर्दी नसते, ही सगळी एक्सेल शीट एका बाईच्या डोक्यात असते.

समजा, या सगळ्यात तिचे दिवसाला दोन तास जातात. फार नाही धरले. वर्षाला झाले 730 तास. आठ तासांची शिफ्ट धरली तर 91 दिवस. आपल्या अपॉइण्टमेण्ट लेटरमध्ये वर्षाच्या रजा किती असतात, ते जरा आठवा. ही बाई वर्षातले तीन महिने फक्त पाण्याच्या ड्यूटीवर असते.

आणि वजन? 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो, अधिक भांड्याचं वजन. विमानात केबिन बॅग 7 किलोच्या वर गेली की आपण काउण्टरवर हुज्जत घालतो.

हे एकट्या वसईचं नाही. युनिसेफनं 2016 मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे जगभरातल्या बायका आणि मुली मिळून रोज 20 कोटी तास पाणी भरण्यात घालवतात. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार, ज्या घरांत दारात पाणी येत नाही अशा 10 पैकी 7 घरांत हे काम बायका-मुलींकडेच असतं. पंधरा वर्षांखालच्या मुलींपैकी 7 टक्के पाणी भरायला जातात, मुलांपैकी 4 टक्के. घरात भाऊ आणि बहीण दोघं असली, तर अभ्यासाची वही आधी कुणाची मिटते हे त्या 3 टक्क्यांत लिहिलेलं आहे.

वसईत यात आणखी एक पदर आहे. इथली बाई नुसती गृहिणी कधीच नव्हती. वाडीतली भाजी, केळी, सोनचाफा, मोगरा टोपलीत घालून पहाटेची लोकल पकडायची आणि मुंबईच्या बाजारात विकून दुपारी घरी यायचं, ही इथल्या कित्येक घरांतली पद्धत. आजच्या भाषेत ती वर्किंग वुमन, सप्लाय चेन आणि सेल्स टीम सगळं एकटीच! वाडीला खारं पाणी लागलं की आधी नाजूक पिकं जातात. पानवेल रुसते, फूल लहान होतं. टोपली हलकी होते आणि टोपलीबरोबर तिच्या हातातला स्वतःचा पैसाही. घराच्या उत्पन्नात ही घट ‘थोडीशी’ दिसते, पण तिच्या बटव्यात ती शंभर टक्के असते.

बोंबील महागला? कुणाचा फायदा?

भुईगावहून किनाऱ्यानं उत्तरेला गेलं की अर्नाळा, दक्षिणेला किल्लाबंदर, पाचूबंदर. कोळीवाड्यांत कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची. होडी दर्यावर नेतो तो पुरुष. किनाऱ्याला मासळी लागली की पुढचं राज्य बाईचं. निवडणं, सुकवणं, बर्फात घालणं, भाव ठरवणं, बाजारात विकणं. घराची तिजोरी तिच्याच कमरेला.

जगभर साधारण हेच चित्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं 2023 मध्ये इतर संस्थांबरोबर केलेल्या मोठ्या पाहणीनुसार, छोट्या मासेमारीच्या व्यवसायात दर 10 माणसांमागे 4 बायका आहेत. पण फोटोत मात्र जाळं फेकणारा पुरुषच दिसतो.

आता 2019 चं वर्ष घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे त्या वर्षी महाराष्ट्रात 2 लाख 1 हजार टन मासळी किनाऱ्याला लागली. आधीच्या वर्षी हाच आकडा 2 लाख 95 हजार होता. 45 वर्षांतला हा नीचांक. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात पाठोपाठ आली होती. ऐन हंगामात होड्या बंदरातच अडकल्या.

मासळी कमी झाली की भाव वाढतो, मग कोळणीची चांदीच, नाही का? छे! घरच्या होडीला मासळी लागली नाही की तिला विकत घेऊन विकावं लागतं. म्हणजे मध्यरात्री उठून ससून डॉक किंवा भाऊचा धक्का गाठा, लिलावात बड्या व्यापाऱ्यांशी बोली लावा, बर्फ घ्या, हमाली द्या आणि सकाळी पुन्हा आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकापुढे हसत बसा. तिथे मॅडम म्हणतात, ‘पापलेटचा भाव काय हो लावलाय! सुपरमार्केटमध्ये याहून स्वस्त मिळतं.’ अवकाळी पाऊस आला तर बांबूवर वाळत घातलेले बोंबील भिजून फुकट जातात. ते नुकसान पूर्ण तिचं.

त्यात खाडीचं पाणी. उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या सगळ्या शहरांचं आणि कारखान्यांचं जे काही पोटात घेऊन येते, ते वसईच्या खाडीत येऊन पोचतं. वसई-विरारचं स्वतःचं सांडपाणीही आहेच. ते प्रक्रियेविना सोडल्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादानं महापालिकेला दंड ठोठावला आहे. ओहोटीला चिखलात उतरून कालवं, शिंपल्या गोळा करणाऱ्या बायका त्याच पाण्यात तासन्‌तास गुडघाभर उभ्या असतात. खाज, जखमा चिघळणं, लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग, यांबद्दल डॉक्टरांकडे जायलाही अनेकींना संकोच वाटतो.

तुमच्या ऑफिसातला नळ

इथवर वाचून ‘बिच्चारे वसईवाले’ असा उसासा टाकला असेल, तर जरा थांबा. तुम्ही लोअर परळ किंवा बीकेसीच्या काचेच्या टॉवरमध्ये बसला असाल, तर या गोष्टीत तुम्हीही आहात.

मुंबईला रोज 350 कोटी लिटरहून जास्त पाणी लागतं. ते येतं सात तलावांतून. 1892 मध्ये बांधून झालेलं तानसा, मग मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि 2014 मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा. म्हणजे वैतरणेवर एकापाठोपाठ एक धरणं, आणि ते पाणी पाइपातून थेट मुंबईला. नदीच्या मुखापाशी गोडं पाणी कमी पोचलं की खाडीतलं खारं पाणी वर सरकतं. हे मुख म्हणजे अर्नाळ्याच्या पलीकडचं. वसईच्या उशाशी.

आणि धरणांच्या काठावर काय चित्र आहे? भातसा, तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. याच तालुक्यातल्या डेंगणमाळ नावाच्या गावाची बातमी 2015 मध्ये जगभर गेली. नळ नाही, विहीर दूर, उन्हात तासन्‌तास पायपीट. पहिली बायको मुलाबाळांत अडकलेली. म्हणून काही पुरुषांनी फक्त पाणी भरायला दुसरी, तिसरी बायको केली! बहुतेक विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या. डोक्यावर छप्पर आणि कुंकवाचा आधार मिळावा म्हणून त्यांनी डोक्यावर हंडा घेतला. परदेशी वृत्तसंस्थांनी त्यांना ‘वॉटर वाइव्ह्‌ज’ म्हटलं. धरण जवळ, नदी जवळ, तरी बाईचं मोल हंड्याइतकं. मुंबईपासून हे गाव काही फार लांबही नाही.

मिठाची गोळी पाण्यातून

वेळ गेला, पैसा गेला. तब्येतीचं काय? त्यासाठी बंगालच्या उपसागराच्या काठावर जावं लागेल. बांगलादेशात खुलना जिल्ह्यातल्या दाकोप या भागात समुद्राचं पाणी नद्यांत आणि तळ्यांत शिरलंय. तिथल्या गर्भवतींचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या महिन्यांत त्यांच्या पोटात फक्त प्यायच्या पाण्यातून रोज 5 ते 16 ग्रॅम सोडियम जात होतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्यात मिळून 2 ग्रॅमची मर्यादा सांगते. त्या महिन्यांत हॉस्पिटलात आलेल्या गर्भवतींपैकी 12.2 टक्के बायकांना रक्तदाब होता. पावसाळ्यात हेच प्रमाण 5.1 टक्के.

वसईच्या विहिरींना हे आकडे जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण एक गोष्ट कळते. डॉक्टर गर्भवतीला ‘पापड-लोणचं बंद करा’ सांगतात, तेव्हा ‘घरी पाणी कुठलं पिता?’ हा प्रश्नही किनाऱ्यावर विचारायला हवा.

पंचनाम्यात न आलेले तास

पुरुषांचं नुकसान होत नाही का? होतं, आणि भरपूर होतं. पण ते निदान मोजलं जातं. वादळ येऊन गेलं की तलाठी येतो, पंचनामा करतो. होडी किती फुटली, जाळी किती फाटली, केळीची झाडं किती पडली. होडी सहसा त्याच्या नावावर, सातबारा सहसा त्याच्या नावावर. तिचे 730 तास, तिची हलकी झालेली टोपली, तिचे भिजलेले बोंबील यांना पंचनाम्यात रकानाच नसतो. ‘क्यार’ आणि ‘महा’नंतर राज्य सरकारनं 2020 मध्ये मच्छीमारांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात मासळी विकणाऱ्या बायकांना शीतपेट्यांसाठी मदत धरली होती. छोटी गोष्ट, पण ‘मासळी विकणारी बाई’ हा सरकारी कागदावर निदान एक वेगळा माणूस झाला.

असे रकाने आपोआप उघडत नाहीत, उघडायला लावावे लागतात. मुंबईत हे काम मृणाल गोरे यांनी केलं. गोरेगावच्या वस्त्यांत पाणी यावं म्हणून त्यांनी बायकांना हंडे घेऊन रस्त्यावर उतरवलं आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव कमावलं. 17 जुलै 2012 ला त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो वसईतच. खुद्द वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीनं टँकर आणि बिल्डर लॉबीविरुद्ध लढा उभारला. त्या मोर्च्यांत वाडीवरच्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. विहीर उपसली तर काय होतं, हे समजायला त्यांना भूजलशास्त्राची डिग्री लागत नव्हती.

आणि नुसती लढाईच नाही, धंदाही होऊ शकतो. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी 2017 मध्ये पर्यटकांना तिवरांची सफर घडवायला सुरुवात केली. होडी त्याच वल्हवतात, माहितीही त्याच देतात. तिवर उभं राहिलं तरच त्यांची होडी चालते. खाडी निरोगी ठेवण्यात बाईचा थेट पगार गुंतला की ती खाडीची किती काळजी घेते, हे तिथे जाऊन पाहण्यासारखं आहे.

बॉक्स : बॉस, आपण काय करायचं?

1. मासळी घेताना कोळणीशी भाव करा, पण सुपरमार्केटशी तुलना नको. तिच्या भावात तिची मध्यरात्र धरलेली असते.

2. पावसाळ्यात माशांच्या विणीच्या काळात मासेमारीला बंदी असते. तेव्हा ताज्या मासळीचा हट्ट सोडा. सुकट, सोडे, सुके बोंबील घ्या. ती कमाई सहसा बाईच्या हातात जाते.

3. वीकएण्डला भुईगाव, कळंब, अर्नाळ्याला जात असाल तर आपला कचरा बॅगेत घालून परत आणा. चिप्सचं पाकीट वाळूत सोडलं तर ते पुढच्या भरतीला एखाद्या जाळ्यात अडकणार, आणि ते जाळं साफ करायला बसणार घरातली बाई.

4. वसई-विरारला फ्लॅट घेताय? मॉड्युलर किचनच्या आधी बिल्डरला दोन प्रश्न विचारा. पाणी कुठून येणार? आणि सांडपाणी कुठे जाणार? ‘टँकर आहे ना!’ हे उत्तर आलं, तर तो टँकर कुणाच्या विहिरीवर भरतो हेही विचारा.

5. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याचं ट्रेनिंग आणि किट द्यायचं ठरलेलं आहे. तुमचं गाव किनाऱ्यावर असेल तर त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. किट कपाटात बंद असेल तर बाहेर काढायला लावा.

6. आणि आज घरी गेल्यावर एक सोपा सर्व्हे करा. पाणी गेलं की सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन कोण करतं, पहाटे उठून बादल्या कोण भरतं, टँकरच्या वेळी घरी कोण थांबतं? तिन्ही उत्तरं एकच आली, तर पुढच्या वेळची रजा दुसऱ्या कुणीतरी टाकायची वेळ आलीय.